सिंधुबाईनं मागून आणलेली खोली

खडकमाळावर तेव्हा एकोणीस घरं होती आणि शाळेला एकच खोली. कळंबच्या बाजूनं कालवा ओलांडला की डाव्या हाताला जी गाडीवाट फुटायची, ती या वस्तीवर येऊन संपायची. पुढं नुसता माळ. घरं सगळी धनगरांची. मेंढरं घेऊन कोकणात उतरणं एकेकानं सोडून दिलेलं. आता कालव्याच्या पाण्यावर दोन-तीन एकर ऊस, नाहीतर मका. शाळेची खोली पत्र्याची. पहिली ते चौथीचे चारही वर्ग तिच्यातच, चार भिंतींकडं तोंड करून बसलेले, आणि मधे उभे जोतीराम गुरुजी. एका वर्गाला पाढे घालावेत, दुसऱ्याला शुद्धलेखन, तोवर तिसऱ्यात मारामारी जुंपलेली असायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की ते पोरं बाहेर बाभळीखाली काढत. पावसात पत्रा इतका वाजायचा की गुरुजींचं बोलणं पहिल्या रांगेच्या पुढं जात नसे.

या शाळेला दुसरी खोली आणली ती सिंधुबाईनं. पुढं जे झालं त्यामुळं हे आता कुणी बोलून दाखवत नाही.

सिंधुबाई म्हणजे बिरदेव गोफण्याची बायको. उंच, हडकुळी, बोलायला कमी. पोरी तीन, त्यातली धाकटी कौसल्या तेवढी शाळेत जाणारी. ब्याण्णव साली पंचायतीत बायकांच्या जागा निघाल्या आणि एके दिवशी बिरदेव बाजारातून येऊन म्हणाला, "तुजा फारम भरलाय. बिनविरोध हाय, तुला काय करायचं न्हाय."

ती भाकरी थापत होती. "मग भरला कशाला?" एवढंच म्हणाली.

पहिली दोन वर्षं खरंच काही करायचं नव्हतं. पंचायतीचा शिपाई सभेचं रजिस्टर घेऊन घरी यायचा, ती हात पदराला पुसून अंगठा उठवायची, शिपाई चहा पिऊन जायचा. सभा कधी झाली, कशाबद्दल झाली, हे विचारायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. मग साक्षरतेची मोहीम आली. दुपारच्या सुट्टीत गुरुजी बायकांना बाभळीखाली बसवायला लागले. बाकीच्या हसायला यायच्या, सिंधुबाई शिकायला यायची. चार महिन्यांत तिला नाव लिहिता आलं, मग अडखळत का होईना वाचता यायला लागलं. पुढच्या वेळी शिपाई रजिस्टर घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "ठेव हितं. वाचून मग देती." शिपाई दोन तास ओट्यावर बसून राहिला. ही गोष्ट वस्तीवर वर्षभर पुरली.

शिक्षण समितीवर वस्तीची एक बाई लागते म्हणून तिचं नाव आपोआप लागलं. तिनं गुरुजींना विचारलं, "समिती म्हंजे काय करायचं?"

"शाळेला काय पाहिजे ते मागायचं," गुरुजी म्हणाले. ते मूळचे बारामतीकडच्या कऱ्हाटीचे, शनिवारी एस.टी.नं गावी जायचे आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी हजर. सहा वर्षांत एकदाही उशीर नाही.

"मग खोली मागू."

अर्ज गुरुजींनी लिहिला, तालुक्याला घेऊन ती गेली. चार खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी साहेब दौऱ्यावर. पाचव्या खेपेला तिनं वस्तीवरच्या अकरा बायका बरोबर घेतल्या, त्यातल्या सातजणींच्या काखेत पोरं. साहेबांच्या दारासमोर त्या बसून राहिल्या. दुपारी पोरं रडायला लागली, एकानं तिथंच व्हरांड्यात कार्यक्रम उरकला, तेव्हा साहेब बाहेर आले. दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. गुरुजींनी ते प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं.

काम पंचायतीकडं, म्हणजे सरपंच दादासाहेबांकडं. दादासाहेब गोड माणूस. प्रत्येक बाईला वहिनी म्हणायचे, कुणाच्या घरी मयत झाली की आधी पोचायचे. पंचाण्णवच्या जानेवारीत पाया खणला. वाळू आली ती ओढ्याची. सिंधुबाईनं मूठभर उचलून हातावर चोळली तर हात काळा झाला. गवंडी म्हणाला, "मावशी, आमाला जी मिळंल ती वापरायची." फेब्रुवारीच्या अखेरीला स्लॅब पडला, गवंडी दुसऱ्या कामावर गेला, आणि स्लॅबला पाणी मारायला कुणीच उरलं नाही. टँकर येणार होता. तो आला नाही. कालवाही तेव्हा बंद होता, विहिरीला पाणी होतं ते प्यायला.

"सुकला तर चिरंल," गुरुजी म्हणाले. "एकवीस दिवस पाणी पाहिजे."

मग सिंधुबाईनं घरोघर फिरून सांगितलं. सकाळी दोन हंडे, सांजच्याला दोन. शेजारची सारजा पहिली आली. बांबूची शिडी लावली, एकीनं खालून द्यायचा, दुसरीनं वर ओतायचा. ऐन मार्चात, घरची भांडी राखेनं कोरडी घासून, त्या बायकांनी एकवीस दिवस स्लॅबला प्यायचं पाणी पाजलं. सारजाची लेक प्रतीक्षा तेव्हा पाच वर्षांची. तीही एक तांब्या घेऊन रांगेत उभी राहायची.

मार्च संपता संपता दादासाहेब मोटारसायकलवर आले. काम पुरं झाल्याचा दाखला पिशवीत होता.

"वहिनी, एवढी सही करा. एकतीस तारखेच्या आत दाखला गेला न्हाय तर पैसा माघारी जातुय. मग बसा पाच वर्षं बाभळीखाली."

तिनं कागद पहिल्यापासून वाचला. काम समाधानकारक झाल्याची खात्री केली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"वाळूत माती हाय, दादासाहेब. मी हातानं बघितलीय."

"माती कुठल्या वाळूत नसती? इंजिनेर बघून गेलाय. त्याची सही झाली, गुरुजींची झाली. तुमी काय इंजिनेरापेक्षा शान्या?" ते हसून म्हणाले.

तिनं गुरुजींकडं पाहिलं. ते खडूची पेटी उघडून आत काहीतरी शोधत होते.

"गुरुजी, तुमी काय म्हनता?"

"सिंधुबाई," ते म्हणाले, "खोली नसण्यापेक्षा..." आणि पुढं बोललेच नाहीत.

तिनं सही केली. अक्षरं अजून वेडीवाकडी होती. दादासाहेबांनी फुंकर मारून शाई वाळवली.

जूनपासून पहिली-दुसरी नव्या खोलीत बसायला लागली आणि खरं सांगायचं तर ते एक वर्ष फार चांगलं गेलं. महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागले तशी मेंढरांमागची पोरंही शाळेत आली, पट त्रेचाळीसवर गेला. तिसरी-चौथीला आता गुरुजींचा आवाज ऐकू यायचा. चौथीतल्या दोघांना त्यांनी स्कॉलरशिपला बसवलं, त्यात कौसल्या एक. शहाण्णवच्या जूनमध्ये निकाल लागला. एका गुरुजीच्या शाळेतली दोन पोरं यादीत होती. गुरुजी वालचंदनगरहून पेढे घेऊन आले. बिरदेवनं आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गुरांना पाणी पाजायला गेला. कौसल्या गावच्या शाळेत पाचवीला जायला लागली, रोज दीड कोस.

ऑगस्टात तीन दिवस झड लागली. नव्या खोलीचा स्लॅब गेल्या पावसाळ्यापासूनच गळत होता. गुरुजींनी दोन अर्ज केले होते, उत्तर आलं नव्हतं. चौथ्या दिवशी उघडलं म्हणून पोरं आत बसली. दुपारी एकच्या सुमाराला छताचा एक तुकडा, परातीएवढा, गजासकट सुटून खाली आला. दुसरीतली प्रतीक्षा पाटीवर लिहीत होती. तुकडा पाटीवर पडला, पाटीवर हात होता.

गुरुजींनी तिला उचलून कालव्यापर्यंत पळत नेलं, तिथून ट्रॅक्टर. दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

चौकशीला जीप आली. साहेबांनी टेप धरून भिंती मोजल्या, फोटो काढले. मग बाभळीखाली सगळ्यांना बसवून एकानं दाखला वाचला. इंजिनिअरचं नाव घाईत वाचलं, गुरुजींचं सावकाश, आणि शेवटी, "शिक्षण समिती सदस्या, सौ. सिंधुबाई बिरदेव गोफणे." दादासाहेब साहेबांच्या शेजारी खुर्चीवर होते. त्यांचं नाव कागदावर नव्हतं.

सारजा प्रतीक्षेला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. हाताची पट्टी खांद्यापर्यंत होती.

"तू तर वाचून सही करतीस ना गं?" ती म्हणाली. ओरडली नाही. "शिपायाला दोन तास बसवून ठेवतीस. ह्यो कागद न्हाय वाचलास?"

"वाचला हुता," सिंधुबाई म्हणाली.

सारजा उठून गेली, आणि त्या दिवसापासून दोन घरांमधलं कुंपणाचं फाटक बंद झालं.

पंधरा दिवसांत गुरुजी निलंबित झाले. मुख्याध्यापक म्हणून खोली ताब्यात त्यांनी घेतली होती. नव्या खोलीच्या दाराला कुलूप पडलं, त्यावर धोकादायक म्हणून लाल अक्षरं. सिंधुबाई एकटीच तालुक्याला गेली. आता साहेब दुसरे होते, तरुण, तिला बसायला खुर्ची दिली.

"सायब, गुरुजींची काय चूक न्हाय. वाळूत माती हाय हे मला दिसलं हुतं. तरी सही मी केली. माजा जबाब लिवून घ्या."

"बाई, तुमच्या जबाबाचा काही उपयोग नाही."

"का न्हाय? माजी सही हाय की कागदावर."

"तुमची सही नसती तरी काम मंजूरच झालं असतं."

"मग घेतली कशाला?"

साहेबांना वाईट वाटलं असावं. "फॉर्ममध्ये तसा रकाना आहे," ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त ती कळंबला उतरायचं विसरली आणि पुढून तीन मैल चालत आली.

गुरुजींच्या जागी जे नवे गुरुजी आले ते आठवड्यातून दोनदा यायचे. पोरं पत्र्याच्या खोलीत परत, चारही वर्ग. ज्यांची ऐपत होती त्यांनी पोरं जीपगाडीतून बाहेरच्या शाळेत घातली, उरलेली तांदळाच्या दिवशी येत. सत्त्याण्णवच्या निवडणुकीत दादासाहेब पुन्हा आले. सिंधुबाईला कुणी फारम भर म्हटलं नाही. प्रतीक्षा डाव्या हातानं लिहायला शिकेल असं दवाखान्यात सांगितलं होतं. शिकवणार कोण?

कौसल्यानं सहावी अर्धी केली. गावच्या वाटेवर पोरं तिला अडवून म्हणायची, हिच्या आईनं खोली पाडली. एके सकाळी ती दप्तर न घेताच ओट्यावर येऊन बसली. बिरदेव म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तसंबी खुरपायला मानूस न्हाय." सिंधुबाईनं तोंड उघडलं. अकरा बायका घेऊन साहेबाच्या दारात बसली होती ती, पण त्या सकाळी तिला एक शब्द सापडला नाही. दप्तर आतल्या खुंटीला टांगलं गेलं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी ती बारामतीला गेली होती. स्टँडवर कुणीतरी हाक मारली. जोतीराम गुरुजी. केस पार पांढरे झालेले. दीड वर्षानं कामावर घेतलं होतं, जुन्नरच्या बाजूला डोंगरात शाळा दिली होती.

"तुमाला लई भोगावं लागलं, गुरुजी."

"मी सही केली होती, सिंधुबाई. तुम्ही मला विचारलं होतंत, आणि मी बोललो नाही." मग लगेच, तोंड उजळून, "ते जाऊ द्या. आमची कौसल्या कितवीला?"

स्टँडवर गाड्यांचा गलका चालला होता. तिनं हिशेब केला.

"सातवीला," ती म्हणाली.

"गणित?"

"पयली येती."

गुरुजींचे डोळे भरले. "मे महिन्यात येऊन जातो. सांगा तिला."

"या की," ती म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार होती?

त्याच मे महिन्यात, भर उन्हाचं, तिनं त्यांना गाडीवाटेनं येताना लांबूनच पाहिलं. डोक्यावर रुमाल, हातात कापडी पिशवी. तिनं कौसल्याचा दंड धरला आणि तिला घेऊन ती उसात शिरली. सरीत दोघी खाली बसल्या. पाचटाच्या फटीतून बाभूळ दिसत होती. गुरुजींनी घरापुढं उभं राहून हाक दिली, मग शाळेकडं गेले, कुलूपबंद खोलीच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं सारजानं त्यांना तांब्या नेऊन दिला. ती काय बोलली ते इथवर ऐकू आलं नाही. गुरुजी फक्त मान हलवत राहिले.

"आई, कोन हाय गं?" कौसल्यानं विचारलं. तिला उसाआड नीट दिसत नव्हतं.

"कोन न्हाय," सिंधुबाई म्हणाली. "आलीयास तर एवढी सरी खुरपून घे."