दर्यापूरचा फासोबा

आमच्या रविवारच्या मंडळींचा किस्सा सुरू केला की बायको म्हणते, "मागच्या वेळी हा वेगळा सांगितला होता!" असेल. किस्से कापसासारखे असतात हो, कितीही दाबून भरा, गाठोड्यातून बाहेर डोकावतातच.

माझं दर्यापुरात मेडिकल आहे. रविवारी दुपारी शटर पडलं की मागच्या खोलीत आमचा गोष्टीचा खेळ! शाळेत गणित शिकवणाऱ्या रेहानाआपा एक काल्पनिक राज्य रचतात. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं. अडचण आली की फासा टाकायचा. वैष्णवी, म्हणजे आमची नर्स, सेनापती झाली. मी वैद्य. (सवय!) आणि अंजनगावची जीप चालवणारे गजूभाऊ? ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मले देव करा."

"कशाचा?" आपांनी विचारलं.

"नशिबाचा. माह्या जीपमधी बसणाऱ्याले तेच लागते!"

खंडोबा, म्हसोबा, तसा हा आमचा फासोबा!

*

फासा गजूभाऊंनीच बाभळीच्या लाकडाचा तासला. आपांना शंका आली. त्यांनी तो शंभर वेळा टाकला, वहीत लिहून काढलं आणि चष्मा वर केला.

"गजूभाऊ, तुमच्या देवाले सहाच जास्त आवडतात."

"मंग? देव आहे का वजनकाटा?"

आपांनी तो फासा पुन्हा तासायला लावला. साक्षात देवाला!

*

एकदा स्टँडवरच जीपचं टायर फुटलं. आमचा खेळ ठाऊक असलेले एक आजोबा मागून ओरडले, "काहून बा, देव गाडी चालवून राहिला अन् टायर फुटलं?"

गजूभाऊ जॅक लावता लावता म्हणाले, "देव रविवारी असतो आजोबा. आज मंगळवार आहे!"

*

वैष्णवीची सरकारी भरतीची परीक्षा होती. आदल्या रविवारी ती हळूच म्हणाली, "गजूभाऊ, फासा नेऊ का संगं?"

एरवी चेष्टा करणारे गजूभाऊ एकदम गंभीर झाले. "नाही. फासोबा खेळापुरता. तिथं तू जे वाचलं तेच चालीन."

पोरगी पास झाली! पेढे घेऊन आली, पहिला पेढा गजूभाऊंपुढे धरला. त्यांनी तो हात आपांकडे वळवला. "त्यायले दे. गणित कोनं शिकवलं?"

आपांनी चष्मा वर केला. पेढा घेतला. मग दुसराही घेतला!

*

आणि अमरावती!

तिथल्या एका कॉलेजात अशा खेळांचा मेळावा होता. आम्हाला बोलावणं आलं. पोरांकडे चकचकीत फासे, छापील नकाशे. आमचा नकाशा औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. सूत्रसंचालकाने विचारलं, "इंग्लिशमध्ये खेळणार ना?"

गजूभाऊ उठले. "सर, आमचा देव वऱ्हाडी आहे. त्याले इंग्रजी येत नाही."

हॉल हसला. आपा हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि गोष्ट सुरू केली. दहा मिनिटांत बाकीची टेबलं रिकामी, सगळा हॉल आमच्याभोवती! माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटली.

आमच्या टेबलावर कॉलेजची एक मुलगी खेळायला बसली होती. चांदूर बाजारची, पण सकाळपासून इंग्लिशशिवाय शब्द नाही. तिचं पात्र नदीच्या पुरात सापडलं.

आपा म्हणाल्या, "पाणी गळ्यापर्यंत आलं. फासोबा काठावर उभा आहे."

"सर, प्लीज हेल्प मी!"

गजूभाऊ छताकडे बघत बसले.

"पाणी हनुवटीले लागलं," आपा म्हणाल्या.

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. मैत्रिणी समोरच होत्या. तिचे कान लाल झाले. मग ती ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "अवो फासोबा, मी बुडून राहिली नं! मले बाहीर काढा!"

गजूभाऊंनी फासा टाकलाच नाही. खिशात घातला. टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाले,

"ये वं माय. तुहीच वाट पाहून राहिलो होतो."