उसन्या भांड्यांची साक्ष

यशोधराबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहा, असे गौरवसमितीने सांगितले तेव्हा मी लगेच हो म्हटले आणि मग घाबरले. बालकल्याणाच्या कामातली माझी नोकरी बाईंच्या हाताखाली सुरू झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आमची ओळख त्याच्याही आधीची. तेव्हा त्या अधिकारी होत्या आणि मी त्यांच्यापुढचे प्रकरण होते.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आईवडील पाठोपाठ गेले आणि अहेरीजवळच्या खेड्यातल्या मावशीने मला घरी आणले. तेंदूपत्ता तोडून, धानाची रोवणी करून ती पोट भरी. नातेवाइकाने मूल सांभाळले तर सरकारकडून दरमहा थोडी मदत मिळे. पण निर्णय देणाऱ्या बालकल्याण मंडळाला घर पटले नाही, तर मुलाची रवानगी बालगृहात. मला मावशीला सोडून कुठेही जायचे नव्हते.

बाई घर पाहायला येणार म्हणून मावशीने शेजारच्या शांताबाईंची स्टीलची भांडी आणून फळीवर मांडली. तेवढ्यात कुणी तरी म्हणाले, "घर भरलेलं दिसलं त मदत कोन देईल?" भांडी परत गेली. मग दुसऱ्याने भरवले, "काईच दिसलं नाई त पोरगीच घेऊन जातीन." भांडी पुन्हा फळीवर. शेवटी शांताबाई वैतागल्या, "तू एकदाचं ठरव वो, मले सैपाक कराचा हाये."

बाई आल्या. मावशीने ज्या पेल्यातून पाणी दिले, त्यावर शांताबाईंचे नाव नवऱ्याच्या नावासकट ठसठशीत कोरलेले होते. बाईंनी ते वाचले. मावशीचा चेहराच उतरला. बाई शांतपणे पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी द्या." धान्याच्या डब्यात डोकावणारे साहेब गावाने पाहिले होते, बाई मात्र आमच्याबरोबर भात आणि अंबाडीची भाजी जेवून गेल्या.

मंडळापुढे एका सदस्यांनी मावशीला विचारले, "मुलीला पोसणे तुम्हाला झेपते का?" हो म्हणावे तर मदत जाते, नाही म्हणावे तर मी. मावशी एवढेच म्हणाली, "साहेब, मले बोलता येत नाई. पोरगी माह्या बहिनीची हाये." आणि तिला रडू कोसळले.

तेव्हा बाई उठल्या. "यांच्या घरी धड भांडी नाहीत, म्हणून मदत द्यावी. आणि मला दाखवायला यांनी शेजारणीची मागून आणली, म्हणून मुलगी यांच्याकडेच ठेवावी. जिला मूल नको असते, ती त्याच्यासाठी लोकांच्या दारात जात नाही."

मदत मंजूर झाली. त्या मदतीवर मी शिकले, आणि मावशीला कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बाईंचे हे ऋण फिटण्यासारखे नाही आणि मला ते फेडायचेही नाही.

पुढे सहकारी म्हणून मी बाईंचा खाक्या पाहिला. कुठल्या आजीची, काकाची मदत अडकली की त्या आवाज चढवत नसत. वरिष्ठांच्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसत आणि जेवणाचा डबा उघडत. भाजी संपायच्या आत सही होई.

बाई, आपण खूप जगावे, ठणठणीत राहावे, असे माझ्याइतकेच मावशीलाही वाटते. बालगृहाचे फाटक मी पहिल्यांदा ओलांडले ते नोकरीच्या पहिल्या दिवशी, आपल्या मागोमाग. तिथल्या मुलींची जेवणे होईपर्यंत मी थांबले. घरी पोचले तेव्हा मावशी भात झाकून वाट पाहत बसली होती.