चित्त्याची एक झेप

उसाच्या बेटावरल्या पितों गावच्या बैठकेत, म्हणजे सभाघरात, दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरे. त्या वर्गापुढं एकदा तरी बोलावं, एवढीच कृष्णदेवची हौस. माणूस साधा, उसाच्या बैलगाड्या दुरुस्त करणारा. पण तरुणपणी सहा वर्षं केनियात एका गोऱ्याच्या गुरांच्या रानावर कुंपणं घालून आलेला. तिथं त्यानं चित्ता पाहिला होता, आणि ते कुणाला सांगितल्यावाचून त्याला जेवण जात नसे. गाव मात्र त्याला थापाड्या म्हणे. पोरंटोरं म्याव करून पळत.

१९६१ साली वर्ग चालवणारे हरिलालदादा कसेबसे कबूल झाले. "एक रविवार देतो, कृष्णदेवा. थापा निघाल्या, तर पुन्हा मुलांसमोर उभं करणार नाही."

त्या सकाळी त्याच्या बायकोनं, कुंतीनं, गणपतीपुढं दोन वाती जास्तच लावल्या. म्हणाली, "बाप्पा, यांच्या जिभेवर बस. पण फार वेळ बसू नकोस."

सुरुवात झकास झाली. अंगभर काळे भरीव ठिपके; डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, रडून काजळ ओघळावं तशी; वळताना तोल सांभाळणारी लांब शेपूट.

"तोंतों, तो उसात राहतो?" पुढं बसलेल्या बसंतीनं विचारलं. तिथं काकाला तोंतों म्हणत.

"आयो, पोरी! उसात तो पळणार कुठं? त्याला उघडं गवताळ रान लागतं, लांबवर हरीण दिसेल असं. शिकारही दिवसाउजेडी."

"मग डरकाळी केवढी मोठी?"

"डरकाळी येतच नाही त्याला. मादी पिल्लांना बोलावते ती अशी, च्यूं, च्यूं."

वर्ग खो खो हसला. हरिलालदादा ताडकन उठले. "बस्स! एवढं जनावर आणि कोंबडीच्या पिल्लासारखं बोलतं? आता म्हण, उडतं पण!"

"उडतोच की. एका झेपेत पंधरा हात! चारी पाय अधांतरी."

"पंधरा हात म्हणजे किती, ठाऊक आहे का?"

कृष्णदेवचा चेहरा उतरला. तो मागं बसलेल्या कुंतीकडं वळला. "आईचं नऊवारी लुगडं आण."

"अहो, सासूबाईंचं लुगडं मातीत घालू?" असं म्हणत ती गेली, आणि घेऊनही आली.

लुगडं अंगणात पसरलं. नऊ वार म्हणजे अठरा हात. कृष्णदेवनं तीन हात पदर दुमडला. "उरली एवढी एक झेप."

"हात्तिच्या! मी तीन ढांगांत जातो." हरिलालदादांनी धोतर खोचलं आणि लुगड्याच्या कडेनं धावले. पोरांनी मोठ्यानं मोजलं. आठ! दादा पायरीवर बसून धापा टाकू लागले.

"चित्ताही असाच दमतो, दादा. अर्धा मिनिट पळाला की संपला. शिकार धरली तरी आधी धाप ओसरावी लागते. तेवढ्यात सिंह नाहीतर तरस येतात आणि तोंडचा घास पळवतात."

"आणि हा भांडत नाही?"

"भांडून जखमी झाला तर उद्या पळणार कसा? जातो बिचारा उपाशी. देवानं वेग दिला, ताकद बेताचीच दिली."

दादांनी कपाळ पुसलं.

"कृष्णदेवा, थापाड्या असतास तर आपल्या चित्त्याला उपाशी ठेवलं नसतंस," ते म्हणाले. "महिन्याचा एक रविवार तुझा. बरं, ते च्यूं पुन्हा एकदा करून दाखव."