फुंकरीने उडालेल्या चुका

ठिपकीला अंगावरचं पुरळ दिसलं नाही. तिने ते वाचलं.

आठवा महिना सरत आला होता. सकाळी आंघोळ करताना साबणाचा हात पोटाच्या खालच्या बाजूवरून फिरला आणि मध्येच थबकला. पोट ताणलं गेलं की कातडीवर लांबट रेषा उमटतात, तशा तिच्याही उमटल्या होत्या. त्या तिला पाठ होत्या. पण आज त्या रेषांवर बारीक उंचवटे लागत होते. एक, दोन, मग तीन दाटीवाटीने, मग थोडी मोकळी जागा. सवयीने तिने डावीकडून उजवीकडे बोट फिरवून पाहिलं. अर्थ काही लागला नाही, खाज मात्र अशी सुटली की साबण हातातून निसटून थेट दारावर आपटला.

"काय पडलं गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"साबण. आई, माझ्या पोटावर कुणीतरी काहीतरी छापून ठेवलंय."

ठिपकीला जन्मापासून दिसत नाही. हे नाव तिला शाळेतल्या मैत्रिणींनी दिलं, कारण ब्रेलचे ठिपके वाचायला ती वर्गात सगळ्यांच्या आधी शिकली. पुढे तेच तिचं पोट भरण्याचं साधन झालं. ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती तपासनीस आहे. जाड कागदावर ठिपके उठवलेली कच्ची प्रत तिच्यासमोर येते. ती बोटं फिरवत मोठ्याने वाचते, समोर बसलेले मास्तर मूळ छापील पुस्तकात पाहत जातात, आणि दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मास्तर पेन्सिलीने गोल करतात. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. नऊ वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत आलेत आणि नऊ वर्षं एकमेकांची खोडी काढत आलेत.

त्या दिवशी टेबलावर होता पाचवीच्या गणिताचा चौथा आणि शेवटचा खंड. बाळंतपणाची रजा सुरू व्हायला अकरा दिवस उरले होते, आणि खंडाची पानं एकशे चाळीस. तेवढ्यात काम संपलं नाही तर उरलेली पानं दुसऱ्या तपासनिसाकडे जाणार, हे ठरलेलं होतं. त्याला छापखान्यात सगळे 'वादळ' म्हणत. तो तासाला चाळीस पानं वाचतो आणि त्यातली तीस त्याची त्यालाच आठवत नाहीत, असं मास्तरांचं मत.

ठिपकीला हे पुस्तक वादळाच्या हाती द्यायचं नव्हतं. ती स्वतः पाचवीत असताना एक गणित तिने अकरा वेळा सोडवलं होतं. उत्तर काही जुळेना. बाराव्या वेळी ती रडत बसली, जेवली नाही, आणि आपल्याला गणित येत नाही असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, चूक पुस्तकात आहे. एक ठिपका कमी उठला होता. गोष्टीच्या पुस्तकात एखादा शब्द चुकला तर पोरं अंदाजाने पुढे जातात. आकड्याचा अंदाज कसा करणार?

तर असा हा अकरा दिवसांचा हिशेब, आणि त्यात ही खाज.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी त्याने वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "थोडं लालसर आहे. घामोळं असेल."

"घामोळं रेषेरेषेने येतं?"

"मला काय माहीत? मी इंजिनं बघतो."

"मग इंजिनासारखं बघ ना! नीट दिवा लावून."

तीन दिवसांत पुरळ मांड्यांवर उतरलं, मग दंडांवर चढलं आणि तिथून कोपरापर्यंत आलं. घर कामाला लागलं. सासूबाईंनी जुन्या मऊ सुती चादरी फाडून त्यांचे तुकडे केले. ते गार पाण्यात पिळून पोटावर ठेवायचे, गरम झाले की बदलायचे. नवऱ्याने आपले दोन सैल सदरे तिला दिले आणि तिने तिसरा मागितला तेव्हा तो म्हणाला, "मग मी डेपोत चादर गुंडाळून जाऊ का?" नखं कापायचा प्रश्नच नव्हता, वाचणाऱ्या बोटांची नखं ती कायम बारीकच ठेवी. तरी ती बोटांच्या पेरांनी, मनगटाने, दाराच्या चौकटीनेसुद्धा खाजवून घेई.

"हातमोजे घाल बघू," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "अगं, रक्त काढशील अशाने."

"हातमोजे घालून वाचू कशाने, आई? नाकाने?"

"तुझा काही नेम नाही, वाचशीलसुद्धा."

ठिपकी हसली, पण आत एक काळजी घर करून बसली होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. पुरळ कोपराच्या खाली सरकत होतं. मनगट, मग तळवा, मग बोटं. बोटांवर ते आलं तर?

सहाव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून? कुठून सुरू झालं?"

"सहा दिवस झाले. खालच्या ताणाच्या रेषांवर आधी आलं, मग रेषांच्या मधल्या जागेत. बेंबीच्या भोवती मात्र दोन बोटं जागा कोरी आहे, तिथे एकही नाही. मांड्यांवर आतल्या बाजूला कमी, बाहेर जास्त. चेहऱ्यावर नाही. सकाळी उंचवटे बारीक असतात, संध्याकाळी एकमेकांत मिसळून चकत्या होतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नाही. लोक म्हणतात, सगळीकडे खाजतंय."

"खाजतंय तर सगळीकडेच. मी फक्त पत्ता सांगितला."

"तळहातांना, तळपायांना खाज?"

"नाही. का? येईल?"

"तसं झालं तर लगेच, त्याच दिवशी यायचं. अंगावर काही नाही आणि नुसते तळवे खाजतायत, तर ते वेगळं दुखणं असू शकतं, त्यात बाळावर लक्ष ठेवावं लागतं. तुमचं हे तसलं दिसत नाही, तरी रक्त तपासून घेऊ. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर खाज असो नसो, निघून यायचं." मग त्यांचा आवाज सैल झाला. "हे पुरळ पहिल्या खेपेला बऱ्याच जणींना येतं. नाकी नऊ आणतं, पण बाळाला काही करत नाही. बाळंत झालात की काही आठवड्यांत जाईल. बोटांची काळजी करू नका, तळव्यांवर ते सहसा येत नाही."

'सहसा' हा शब्द ठिपकीला आवडला नाही. छापखान्यातसुद्धा मशीन सहसा बिघडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली, रात्रीसाठी मलम दिलं आणि हवं तेव्हा लावायला कॅलॅमाईनचं गुलाबी लोशन दिलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल चांगला आला आणि घरादाराचा जीव भांड्यात पडला. ठिपकीने मलमाची ट्यूब आणि लोशनची बाटली दोन्ही पर्समध्ये टाकल्या. रात्रीची वाट कोण बघणार?

त्या दिवशी तिने टेबलाखाली हात घेऊन दर अर्ध्या तासाने दंडांवर मलम चोळलं. काय आराम पडला! बावीस पानं झाली आणि एकही चूक निघाली नाही. मास्तरांनी खूश होऊन खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. "बाईसाहेब, नऊ वर्षांत बावीस पानं एकाही गोलाशिवाय गेलेली पाहिली नव्हती. मशीनवाल्याचा सत्कार करायला हवा."

पण मलम संपत आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने लोशन वापरलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांना चांगलं थापलं, वाळू दिलं, आणि वाचायला घेतलं.

"चारशे सदुसष्ट," ती म्हणाली.

"माझ्याकडे चारशे सदतीस," मास्तर म्हणाले आणि गोल केला.

पुढच्या ओळीत दुसरी चूक. मग तिसरी. एका पानात सतरा चुका! ठिपकीने टेबलावर हात आपटला. "मशीनवाल्याला बोलवा!"

मशीनवाला हात पुसत आला. काल सत्काराची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच होती, त्यामुळे तो हसतहसत आला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत गेला. मशीन बंद झालं. झाकण उघडलं गेलं. सहाच्या सहा सुया त्याने एकेक करून काढल्या, पुसल्या, मोजल्या, परत बसवल्या. तासाभराने तो ओरडला, "मशीन अगदी ठणठणीत आहे! तुमचीच बोटं तपासा!"

तो चिडून बोलला होता, पण ठिपकीने पान पुन्हा वाचलं. या वेळी एकोणीस चुका निघाल्या, आणि त्यातल्या पाचसहा मघाच्या जागी नव्हत्या.

चूक जागा बदलत नाही. म्हणजे चूक कागदात नाही. तिने अंगठ्याने तर्जनीचं पेर चाचपलं. सुजलंय का? काही कळेना. बोटाने बोट कसं तपासणार?

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "माझ्या बोटांवर काही आलंय का, बघा ना."

मास्तरांनी तिचा आवाज ऐकला आणि खोडी काढायची त्यांची इच्छाच गेली. त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, तिची बोटं उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. "काही नाही गं पोरी. नेहमीसारखीच आहेत. आगाऊ."

"मग?"

मास्तरांनी दिवा वाकवून कागदावर तिरपा उजेड पाडला. चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला टेकेल इतके ते खाली वाकले. मग ठिपकीला एक आवाज आला. फू!

"काय केलंत?"

"चूक दुरुस्त केली. चारशे सदुसष्टमधला जास्तीचा ठिपका उडाला."

"ठिपका कसा उडेल?"

"गुलाबी ठिपका उडतो," मास्तर म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "बाईसाहेब, तुमचं लोशन वाळून त्याचे कण गळतायत! मनगट कागदावर टेकतं आणि पानभर रांगोळी पडते. आमचं गणित चुकलेलं नाही. तुम्ही त्यात भर घालताय!"

ठिपकी इतकी हसली की पोट दोन्ही हातांनी धरावं लागलं. बोटं चांगली होती! डोळ्यांना सहज न दिसणारे कणसुद्धा त्यांनी पकडले होते! मशीनवाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झालं हसून? मग माफी कोण मागणार?"

"मी मागते. आणि उद्या तुझ्यासाठी बिस्किटं आणते."

बिस्किटं म्हणताच ती एकदम थांबली. "मास्तर, काल मी लोशन लावलंच नव्हतं."

"मग तर बरंच झालं."

"काल मलम होतं. तेलकट. बोटं नुसती घसरत होती, नीट लागलं नाही तिथे मी नकळत हिशेबाने बरोबर आकडा म्हणत गेले, म्हणून इतकं भरभर झालं. बावीस पानांत एक चूक निघाली नाही आणि आपण खुशाल बिस्किटं खाल्ली!"

पुरळासमोर हात टेकावेत आणि बावीस पानं तशीच जाऊ द्यावीत, असा विचार एखाद्याने केला असता. मुदत डोक्यावर होती, शंका कुणालाच आली नसती. ठिपकीने उठून हात साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले आणि कालचं पहिलं पान मागितलं.

तीन चुका निघाल्या. त्यातली एक भागाकाराच्या उत्तरात होती. एक ठिपका कमी.

ती त्या उत्तरावर बोट ठेवून म्हणाली, "हे गणित कुणीतरी अकरा वेळा सोडवलं असतं."

त्यानंतर टेबलावर नवे नियम आले. लोशन सकाळी घरी आणि संध्याकाळी घरी; छापखान्यात बाटली बंद. कामावर फक्त गार ओल्या फडक्यांचा डबा, सासूबाईंनी रोज भरून दिलेला. हात कागद सोडून अंगाकडे निघाला की मास्तर पट्टीने टेबल वाजवत: "हात वर!"

"मी पाचवीत नाही, मास्तर!"

"पुस्तक तर पाचवीचंच आहे. वाचा."

नवऱ्याने बसच्या ड्रायव्हरसमोर असतो तसला छोटा पंखा चिमट्यासकट आणून टेबलाखाली लावला. वारा नेमका पोटावर येई आणि वरची पानं हलत नसत. लावताना त्याने तीनदा कोन मोजला. "इंजिन गरम झालं की आम्ही हेच करतो," तो म्हणाला.

"इंजिन तू कुणाला म्हणालास?"

"पंख्याला," तो म्हणाला आणि घाईघाईने डेपोत गेला.

खाज गेली नाही. ती दुपारी दोनला नेमाने येई आणि चारपर्यंत ठाण मांडून बसे. त्या वेळात ठिपकी सोपी पानं घेई, अवघड पानं सकाळी. बावीस पानं पुन्हा वाचण्यात एक अख्खा दिवस गेला होता. तो तिने जेवणाच्या सुट्ट्या कापून भरून काढला. वादळ एकदा डोकावून म्हणाला, "राहिली असतील तर द्या, अर्ध्या दिवसात उडवतो." मास्तर म्हणाले, "उडवायचं काम आता आमच्याकडेच होतं, नीट."

अकराव्या दिवशी पावणेपाचला शेवटचं पान आलं. उत्तरांची यादी. ठिपकी एकेक आकडा वाचत गेली, मास्तर "बरोबर" म्हणत गेले. मशीनवाला उगाच काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने टेबलापाशी घुटमळत होता. शेवटचा आकडा झाला. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. ठिपकीने दोन्ही हात कागदावरून उचलले आणि पोटावर ठेवले. नवे नियम आल्यापासून पहिल्यांदा मास्तरांनी पट्टी वाजवली नाही.

आणि ती थबकली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "चूक?"

"चूक नाही," ठिपकी म्हणाली. तिचं बोट बेंबीजवळच्या कोऱ्या जागेवर होतं, तिथे आतून काहीतरी टोकदार वर आलं होतं आणि सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होतं. टाच असावी. "मोठा ठिपका आहे. जागा बदलतोय."

मास्तरांनी गंभीरपणे पेन्सिल पुन्हा उचलली. "मग तो मूळ प्रतीतलाच आहे. त्याला गोल करायचा नाही. पुढच्या महिन्यात प्रत हातात आली की तपासा."