अनसूयाअक्कांचा रॅक

अनसूयाअक्का पिसे यांनी हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं तारा जोडल्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी केशवापुरात कुणाचा फोन बंद पडला की लोक आधी त्यांच्याच दारात यायचे. मी त्यांची शेजारीण, त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यांची सून दीपश्री डॉक्टर. कलघटगीच्या एका छोट्या दवाखान्यातून एक्स-रे आणि स्कॅन कॉम्प्युटरवर तिच्याकडे यायचे, ते बघून ती घरूनच रिपोर्ट पाठवायची. एका दुपारी अपघातातल्या माणसाच्या डोक्याचा स्कॅन अर्धा आला आणि नेट गेलं. टीव्हीमागची एक तार कुणाच्या तरी पायात अडकून निसटली होती. ती सापडायला वीस मिनिटं गेली. माणूस वाचला, पण दीपश्री त्या दिवशी जेवली नाही.

अक्कांनी तो तारांचा गुंता पाहिला आणि म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये असं दिसलं असतं तर साहेबांनी मला दारात उभं केलं नसतं."

राऊटर, स्विच, बॅटरी सगळं एका लोखंडी चौकटीत बसवायचं ठरलं. त्यांचा मुलगा श्रीहर्ष भिंतीवर लावायचा रॅक घेऊन आला आणि चार बोल्ट मारून म्हणाला, "झालं, आई. सामान चढवू?"

"थांब. आधी भिंतीला विचारू."

त्यांनी ज्वारीचं पंचवीस किलोचं पोतं आणवून रॅकमध्ये ठेवलं. श्रीहर्ष हसायला लागला. "ज्वारीला नेट पाहिजे होय?"

"सामान अठरा किलोचं आहे. पंचवीस पेललं तर अठरा ठेवायचं."

तिसऱ्या दिवशी सकाळी धाडकन आवाज आला. मी धावत गेले. बोल्ट गिलाव्यासकट उपटून आले होते आणि ज्वारी पार स्वयंपाकघरापर्यंत पसरली होती. श्रीहर्षचा चेहरा उतरला. अक्का सूप घेऊन खाली बसल्या. "बरं झालं. ज्वारी वेचता तरी येते."

मग त्या स्वतः गेट बनवणाऱ्याकडे गेल्या आणि त्याच्याशी कन्नडमध्ये तासभर वाद घालून जमिनीवर उभा राहणारा, रुंद पायाचा रॅक करून घेतला. जड बॅटरी तळाशी, विजेच्या वायरी एका बाजूला, नेटच्या दुसऱ्या. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नंबर. एकदा दीपश्रीनं मदत म्हणून एक जुडगा घट्ट बांधला. अक्कांनी तो सोडवला. "इतकं आवळू नये गं. बाहेरून दिसत नाही, पण आतून तार मरते." गुडघे दुखत होते, तरी काम संपेपर्यंत तीन आठवडे त्या रोज पाटावर बसत होत्या.

मे महिन्यात वादळानं दुपारभर वीज गेली. गल्लीत कुणाकडेच नेट नव्हतं. दीपश्रीनं मात्र रॅकमधल्या बॅटरीवर तीन रिपोर्ट वेळेवर पाठवले, आणि खोलीतून बाहेर येऊन सासूला मिठी मारली. अक्का अवघडून म्हणाल्या, "पुरे, चहा उतू जाईल."

पुढं त्या दवाखान्यानंच त्यांना बोलावलं, तिथल्या तारा लावून द्यायला. पासष्टाव्या वर्षी अक्का कलघटगीच्या बसमध्ये चढल्या, खांद्याला पकडी-पान्यांची पिशवी. मी म्हटलं, "अक्का, एवढ्या लांब? दुसरा कुणी मिळेल की."

"मिळेल," त्या खिडकीतून म्हणाल्या, "पण तो भिंत बघेल का?"