तेलात लपवलेलं पाणी

फसलेल्या प्रयोगाचं तेल ओतून देता येतं, किस्सा नाही. राजुऱ्यातल्या आमच्या दोन माणसांच्या लॅबमध्ये तर बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत! मी दूर शिकून, आपल्या जंगलासाठी काही करायचंच म्हणून परतलेला. संगीता धानोऱ्याकडची, तिचा भाऊ मलेरियानं गेला. आम्हाला डास पळवणारं, अंगावर टिकणारं तेल हवं होतं.

*

औषध पाण्यातच विरघळतं आणि घामाबरोबर वाहून जातं. म्हणून त्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात लपवायचे. साबणासारखे रेणू प्रत्येक थेंबाभोवती घोळका करतात: डोकी आत पाण्याकडे, शेपट्या बाहेर तेलाकडे. तेल मात्र नितळच दिसतं.

शेजारच्या दुकानदारानं बाटली हलवून पाहिली. "पानी हाय म्हनता, दिसत तर नाई! आमच्या नळयोजनेसारखंच का?"

*

पाणी वाढवलं की घोळके आकार बदलतात. गोल थेंब लांबतात, एकमेकांना जोडले जातात. एरवी तेलातून वीज जात नाही. ते जोडले गेले त्या क्षणी ती वाहिली, तेलात बुडवलेल्या मीटरनं उडीच मारली!

"पहिले सगळे आपापल्या घरात होते," संगीता म्हणाली. "आता दारं उघडली."

मी उत्साहात आणखी पाणी टाकलं. घोळके फुटले, तेल दुधाळ झालं, औषध वाया.

"आता पूर आला," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

*

पैशाची मदत मागायला सरकारी कचेरीत गेलो. मी घोळक्यांवर भरभरून बोललो. साहेबांनी विचारलं, "याला मार्केट काय?"

"ज्याले मच्छर चावते तो," संगीता म्हणाली. "एक रात आमच्या गावी झोपून पाहा ना, साहेब!"

साहेबांनी चहा मागवला.

*

शेवटी तेल गावात वापरून पाहायची परवानगी मिळाली. पहिल्या बाटल्या संगीताच्या गावी गेल्या, तिच्या आत्याकडे. आत्या गावची आशाताई, घरोघरी औषधं पोचवणारी. बाटल्या मोजक्याच, फक्त गरोदर बायांपुरत्या. त्यात संगीताची धाकटी बहीण सुनीताही होती.

पावसाळ्यात आम्ही गाडी घेऊन गेलो, तर सुनीता खाटेवर तापानं फणफणलेली. उशाशी आमची बाटली. आतलं तेल दुधासारखं पांढरं.

आत्या खुशीत होती. "तुमी थोडंसंच धाडलं. मंग बाकीच्याइनं काय करावं? आमच्यात शिकार असो का मोहाची फुलं, एकट्यानं ठेवत नाई. मी अर्धं पानी टाकलं न् वाटलं. एक घर सुटलं नाई, भाऊ!"

मी तोंड उघडलं. संगीतानं माझा हात दाबला. मग ते पांढरं तेल ओंजळीत घेऊन तिनं आत्यासमोर सावकाश आपल्या हातापायांना चोळलं.

"चांगलं केलं, आत्या," ती म्हणाली. "आता सुनीताले गाडीत बसवू."