शमुवेलकाकांकडची पहिली भेट

“कोन हाय?”

“मी सुधीर. मास्तरांचा मुलगा.”

मी पायरीवर उभा. रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमीत, शमुवेलकाकांचं घर. तिथे मी जन्मात पहिल्यांदा आलो होतो आणि दार उघडलं नाही तर बरं, असंच मनात होतं.

माझी नोकरी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. म्हणजे प्रेशर, टेम्परेचर दाखवणारी मीटर चुकीचं रीडिंग देऊ लागली की ती ठीक करायची. माणसांचं काम मला कधी जमलेलं नाही. तरी आमच्या रोह्याच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मला ‘वडील’ म्हणून निवडलं. आमच्यात वडील हे पद आहे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नसतील त्या रविवारी उपासना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, रुसलेल्यांना परत आणायचं. पेण आणि रोहा मिळून आमचे पाळक एकच, त्यामुळे बरंचसं काम वडिलांवर पडतं.

मी पाळकसाहेबांना नाही म्हणायला गेलो होतो.

“नाही म्हण,” ते म्हणाले. “पण आधी एक काम कर. शमुवेलकाकांना भेटून ये. अकरा वर्षं ते चर्चमध्ये आलेले नाहीत.”

“साहेब, मीच का?”

“कोणामुळे येत नाहीत, ते तुला माहीत आहे म्हणून.”

माहीत होतं. माझ्या पप्पांमुळे. पप्पा रोह्यात शाळामास्तर होते, तेव्हा मंडळीचे वडील तेच. काकांच्या मुलीचं, रूथचं, लग्न एका हिंदू मुलाशी ठरलं. काकांना ते चर्चमध्ये लावायचं होतं. दोघांचा बाप्तिस्मा झालेला असला पाहिजे, असा आमच्याकडे नियम. पप्पांनी नियम वाचून दाखवला. तिथे थांबले असते तर निभावलं असतं. पण सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरीला सांभाळता आलं नाही, आता चर्चला कशाला ओढतोस?” रूथचं लग्न रजिस्टर झालं आणि काकांनी चर्च सोडलं.

दार उघडलं. काकांचा हात चौकटीवर चाचपडत होता. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती, हेही मला ठाऊक नव्हतं.

“ये. पण आज गुरवार नाय ना?”

“नाही. का?”

“गुरवारी तुझी आय येते.”

मला वाटलं, माणूस भ्रमात आहे.

“पाच वरसं येते. पेणवरनं गाडीनं. वालाचं बिरडं आनते, स्तोत्र वाचते, जाते. तुला नाय सांगितलं?”

पप्पा रिटायर झाल्यापासून ते आणि आई पेणला राहतात. आई गुरुवारी रोह्याला येते, हे मला माहीत होतं. नातीला भेटायला येते, अशी माझी समजूत. मी तेव्हा कंपनीत असायचो.

घरी येऊन बायकोला, सुनीताला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“डबा मीच गरम करून देते.”

“मला का नाही बोललीस?”

“आई म्हणाल्या, सुधीरला कळलं की पप्पांना कळेल.”

रविवारी दुपारी पेणला गेलो. आई तांदूळ निवडत होती, पप्पा पेपर वाचत होते. मी धीर करून म्हटलं, “पप्पा, आई दर गुरुवारी...”

“शमुवेलकडे जाते. तिला स्टेशनवर स्कूटरवरून कोण सोडतं?”

आईचा हात थांबला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“नातीसाठी म्हणून बिरडं नेतेस. ती पोर बिरड्याला तोंड लावत नाही. ते शमुवेलच्या आवडीचं.”

“मग तुम्ही कधी का नाही गेलात?” मी विचारलं.

पप्पांनी पेपराची घडी केली. “तोंड नव्हतं. मी इथे बसून त्याच्यासाठी प्रार्थना करायचो. हिच्यात जाण्याची हिंमत होती, माझ्यात नव्हती.”

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली. आम्ही तिघंही गेलो. पप्पा काकांसमोर खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

“शमुवेल, नियम मंडळीचा होता. पुढचं जे बोललो, ते माझं होतं. त्याची माफी मागायला आलोय.”

काका म्हणाले, “मास्तर, लय उशीर केलास.” मग चाचपत खुर्ची पुढे सरकवली, “बस. आज तू वाच.”

पप्पांनी स्तोत्र वाचलं. मधे दोनदा त्यांना थांबावं लागलं. आई पदराने चष्मा पुसत होती.

मी परतीच्या वाटेवरच पाळकसाहेबांना फोन करून होकार कळवला. उपदेश मला अजूनही नीट करता येत नाही. पण विश्वास कसा चालतो, हे मी घरातच पाहिलं होतं. आईने पाच वर्षं न बोलता तो चालवला आणि पप्पांनी तीन वाक्यांत. त्या दोघांचे आणि सुनीताचे उपकार मला कधी फेडता येणार नाहीत.

दोन महिन्यांनी काका रूथचा हात धरून चर्चमध्ये आले. जावई गाडी लावून थोडा वेळ बाहेर घुटमळला, मग येऊन शेवटच्या बाकावर बसला. त्याला कुणी काही विचारलं नाही. तेवढी दक्षता मी आधीच घेतली होती.

आता कुणा रुसलेल्याकडे जायचं असलं, की मी आधी घरी विचारतो, “तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन आलंय का?” बहुतेक वेळा कोणीतरी जाऊन आलेलं असतं.